दाराचे तीन सेकंद

ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. ती सलग दहा मिनिटं खुर्चीत बसली तर शेजारचे विचारत, "बरं नाही का?" कॉफीचा कप ती तीन टेबलांवर ठेवायची आणि चौथ्यावर शोधायची. अशा बाईला काम मिळालं होतं लिफ्टच्या दारांचं. कुठलं दार किती वेळ उघडं थांबेल हे ती ठरवायची. नशिबालाही अधूनमधून चेष्टा करायची लहर येते.

कंपनी बारा माणसांची: वर मालकीणबाई, मग सगळ्यांत जुने मास्तर, प्रत्येक कामात शंका काढणारा शंकासुर, आणि बाकीचे. लिफ्ट चालवणाऱ्या सर्किट बोर्डात जो प्रोग्राम असतो तो इथे लिहिला जायचा. खाली तळमजल्यावर चाचणीसाठी दोनच मजल्यांची एक लिफ्ट होती. ती दिवसभर कुणालाही कुठेही न नेता वरखाली करायची.

त्या शुक्रवारी भिंगरी तीन आठवड्यांनी कामावर आली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि इतके दिवस तिने आईच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून काम उरकलं होतं. तिथलं नेट लहरी, पण प्रोग्राममधल्या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या गिटला त्याचं सोयरसुतक नसतं. गिटमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर कामाची अख्खी वही असते, पहिल्या पानापासून. काम करून कमिट केलं की आपल्या वहीत नोंद पडते, आणि सोबत एक ओळ लिहायची असते: काय बदललं, का बदललं. पुश केलं की त्या नोंदी सर्व्हरवरच्या सामाईक वहीत जातात. पुल केलं की इतरांच्या आपल्याकडे येतात. पुश करीपर्यंत आपण लिहिलेलं आपल्यापाशीच राहतं, कुणाला दिसत नाही. इथेच ती फसली.

पहिले दोन दिवस तिच्या ओळी शहाण्यासारख्या होत्या. «दार बंद होण्याचा वेग कमी केला.» मग घर, औषधांच्या वेळा आणि आईची कुरकुर यांत बोलायला कुणी उरलं नाही, आणि ती गिटशीच बोलायला लागली. «दार आता आईच्या चालीने चालतं. आवाज मात्र आईपेक्षा कमी.» «शंकासुराच्या शंकेचं उत्तर. त्याला आता नऊ नव्या शंका येतील.» «बाईंना तारीख हवी आहे. मलाही हवी आहे.»

आणि मग सहाव्या दिवशीची ती ओळ: «मास्तरांनी ३० लिहिलंय. ३०० हवं. दुरुस्त केलं. बोलायचं नाही.»

जुने बोर्ड वेळ मोजायचे सेकंदाच्या दहाव्या भागात. तिथे तीस म्हणजे तीन सेकंद. दीड वर्षापूर्वी आलेले नवे बोर्ड शंभराव्या भागात मोजतात. तिथे तीस म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत. हा फरक सगळ्या ऑफिसला समजावून सांगितला होता तो मास्तरांनीच, फळ्यावर दाराचं चित्र काढून. चुकीची ओळ दिसली तेव्हा भिंगरीने गिटची ब्लेम नावाची कमांड चालवली. कुठली ओळ कुणी लिहिली हे ती सांगते. आपलंच नाव येईल अशी तिची खात्री होती. आलं मास्तरांचं.

मास्तरांनी तिला नऊ वर्षांपूर्वी कामाला लावलं होतं. तिचं पहिलं कमिट त्यांनी शेजारी उभं राहून करून घेतलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि ते म्हणायचे, "त्या दिवसानंतर मी भिंतीशी बोलणार, आणि भिंत उत्तर देईल ही भीती आहे." आता त्यांच्या कामात एकामागून एक तीस निघत होते. «सातवी जागा. आज रडू आलं. ज्यांनी मला आकडे शिकवले त्यांचे आकडे मी तपासतेय.» आणि शेवटी: «अकरावी. बाईंना कळलं तर मास्तरांना घरी बसवतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.»

एकूण नोंदी एकशे बेचाळीस. पुश करण्याआधी त्या सगळ्यांची घडी घालून एकच नोंद करायची, वर सभ्य ओळ लिहायची, «दारांचं काम पूर्ण», असं तिने पक्कं ठरवलं होतं. गिटमध्ये तशी सोय आहे. ठरवण्याला पैसे पडत नाहीत.

शुक्रवारी अकरा वाजता तिने बॅग टेकवली आणि केबिनमधून मालकीणबाईंचा आवाज आला, "भिंगरे, आलीस? आधी पुश कर, मग नमस्कार!" बोटांनी नऊ वर्षांची सवय पाळली. पुल, पुश, एंटर. डोकं अजून जिन्यातच होतं.

ते वर पोचलं साडेबाराला, मायक्रोवेव्हपाशी. चाचणी करणारा शंकासुर डबा गरम करत म्हणाला, "जेवून पुल करतो गं. तुझं तीन आठवड्यांचं पीक बघू."

तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"तू अजून पुल केलं नाहीस?"

"नाही. का?"

"करू नको. म्हणजे कर. पण अर्ध्या तासाने."

"एका दमात तीन सूचना," शंकासुर म्हणाला. "यातली कुठली पाळू?"

उत्तर द्यायला ती तिथे नव्हती. डबा उघडा टाकून ती टेबलाशी पोचली होती. बाईंचं मशीन तीन वाजता आपणहून पुल करायचं, आठवड्याचा अहवाल काढायला, आणि बाई त्यातली ओळ न् ओळ वाचायच्या. भिंगरीने एकशे बेचाळीस नोंदींची घडी घातली, एक सभ्य ओळ लिहिली, आणि फोर्स पुश केलं. मास्तर म्हणायचे, ही कमांड म्हणजे सामाईक वहीची पानं फाडून आपली चिकटवणं. नऊ वर्षांत तिने ती एकदाही वापरली नव्हती. काम एका सेकंदात झालं. इतक्या सहज व्हायला नको होतं असं तिला वाटून गेलं.

सर्व्हर साफ. बाईंचं मशीन साफ. शंकासुर अजून जेवत होता. बाकीचे या वहीत कामच करत नसत. राहिले मास्तर.

मास्तर खाली चाचणीच्या लिफ्टपाशी गेले होते. त्यांची खुर्ची रिकामी, पाठीवर स्वेटर, टेबलावर चष्मा पुसायचं फडकं. ते मशीनला कुलूप लावत नसत. म्हणायचे, "लपवण्यासारखं आहे काय माझ्याकडे?" भिंगरीने इकडेतिकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं तसं तिला वाटत होतं, अख्खं ऑफिस आपल्याकडेच बघतंय. खरं तर सगळे आपापल्या डब्यात होते.

तिने मास्तरांच्या मशीनवर लॉग, म्हणजे नोंदींची यादी, उघडली. पडद्यावर सगळ्यात वर तिचीच ओळ: «झाकली मूठ सव्वा लाखाची.» मास्तरांनी अकरा वीसला पुल केलं होतं.

वाचलं नसेल, तिने स्वतःला सांगितलं. पुल केलं म्हणजे वाचलं असं थोडंच आहे? मास्तर हल्ली विसरतात. त्यांच्या विसरण्यावर आपण भिस्त ठेवतोय हे लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. तरी तिने कमांड लिहिली. हार्ड रीसेट: या मशीनवरची वहीही सर्व्हरसारखी करून टाक. एंटर तेवढं राहिलं होतं.

पण शिकवलेलं काही बोटांतून जात नाही. मास्तरांचा नियम होता: पुसण्याआधी बघ. कुणाचं नोंद न केलेलं काम पडलेलं असेल तर या कमांडने ते कायमचं जातं, गिटलाही सापडत नाही. तिने ओळ मागे घेतली आणि आधी स्टेटस विचारलं.

लाल अक्षरांत एक फाइल आली. बदललेली, कमिट न केलेली. दवाखान्याच्या लिफ्टची.

तिने डिफ पाहिला, म्हणजे आधी काय होतं आणि आता काय आहे. सात ठिकाणी ३० गेलं होतं आणि ३०० आलं होतं.

भिंगरी मास्तरांच्या खुर्चीत बसली. मास्तरांनी वाचलं होतं. एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस. पण आता तिला ते दिसतही नव्हतं, दिसत होता दवाखाना. ते काम गेल्या महिन्यात मास्तरांनी एकट्याने केलं होतं आणि तिने ते उघडूनही पाहिलं नव्हतं. दारात एक किरण असतो. त्यात कुणी आलं की दार थांबतं, आणि किरण मोकळा झाल्यावर किती थांबायचं तो हा आकडा. स्ट्रेचर आत जाताना चाकांमधल्या फटीतून किरण क्षणभर मोकळा होतो. तेवढ्यात दार आलं असतं. शंकासुराच्या चाचणीत दार छान उघडत होतं, छान मिटत होतं. मध्ये स्ट्रेचर नव्हतं. आणि तो बोर्ड घेऊन फिटर आज साडेतीन वाजता निघणार होता.

अकरा जागा तिने झाकल्या. बारावी कुठे असेल हा प्रश्नच तिने येऊ दिला नाही. कारण तो विचारायचा तर मास्तरांनाच विचारावा लागला असता.

"बस, बस. उठू नको," मागून मास्तर म्हणाले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. "सात सापडल्या. खाली बोर्डावर घालून पाहतो आता. तुझ्या नोंदी नसत्या तर मला सुचलंच नसतं कुठे शोधायचं."

"मास्तर, मी..."

"आधी मला कमिट करू दे."

ती उठली, ते बसले. ओळ लिहायला त्यांना वेळ लागला. एक शब्द खोडला, परत लिहिला. मग पुश. गिटने नकार दिला: सर्व्हरवरची वही आणि ही वही जुळत नाही.

मास्तर तिच्याकडे वळले.

"मी पुसलं," ती म्हणाली. "सर्व्हरवरचं. आत्ताच. तुमचंही पुसणार होते."

"का?"

"वाचलंत ना तुम्ही? मग का काय विचारता!" तिचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "बाईंनी वाचलं तर तुम्हाला ठेवतील का? मला नाही चालणार तुम्ही नसलात तर."

मास्तरांनी फडकं उचललं आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"सातव्या जागेच्या नोंदीपाशी मलाही वाईट वाटलं," ते म्हणाले. "राग आला तो अकराव्या जागेच्या नोंदीला. झाकली मूठ ठीक आहे गं. पण त्या मुठीत दुसऱ्याचं बोट सापडलं तर? मी चुकलो ते वयामुळे असेल. तू कशामुळे चुकलीस?"

तिच्याकडे उत्तर होतं. ते म्हणजे माया, आणि ते आत्ता उच्चारायची तिला लाज वाटली.

"माझ्या मशीनवर सगळं शाबूत आहे," मास्तर म्हणाले. "अख्खी वही प्रत्येकाकडे असते ती याचसाठी. पण मी टाकणार नाही. तू फाडलंस, तूच चिकटव."

त्यांनी खुर्ची सोडली. ती बसली. तीच कमांड, आज दुसऱ्यांदा. या वेळी मात्र तिने एंटर दाबण्याआधी वरची ओळ वाचली. मास्तरांनी लिहिलं होतं: «खालचं सगळं खरं आहे. दवाखान्याच्या सात जागा दुरुस्त. आजपासून माझा कुठलाही आकडा भिंगरीने तपासल्याशिवाय बोर्डात जाऊ नये.»

तिने एंटर दाबलं. एकशे बेचाळीस नोंदी, आईची कुरकुर, शंकासुराच्या शंका, रडू, मूठ, सगळं परत गेलं, आणि वर ती एक.

तीन वाजून दहा मिनिटांनी बाई तळमजल्यावर आल्या. हातात फोन, चेहऱ्यावर काहीच नाही. मागून शंकासुर, आज एकही शंका न काढता. मास्तर चाचणीच्या लिफ्टच्या उंबऱ्यापाशी उभे होते. हातात सामानाची ढकलगाडी, स्ट्रेचरच्या जागी. भिंगरी बटणापाशी होती.

"वाचलं मी," बाई म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "आपण सोमवारी बोलू, मास्तर. फिटर गाडीत बसलाय. बोर्ड पाठवू का?"

मास्तरांनी हनुवटीने भिंगरीकडे दाखवलं. "तिला विचारा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नऊ वर्षांत असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तो नेहमी मास्तरांकडे जायचा. दुसरा कुठला दिवस असता तर ती हो म्हणून जिना चढूनही गेली असती.

"मास्तर, गाडी ढकला," ती म्हणाली.

पुढची चाकं उंबऱ्यावरून गेली. किरण तुटला, जुळला. दार थांबलं. एक. भिंगरीचा पाय हलला नाही. दोन. गाडी दाराच्या बरोबर मध्ये होती, आणि तिच्यामागे मास्तरांची पाठ, जुन्या स्वेटरची, कोपरावर उसवलेल्या. तीन. मास्तर आत गेले आणि त्यांच्यामागे दार सावकाश मिटलं.

"पाठवू?" बाईंनी विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली. "ही एक झाली, अजून सहा जागा तपासायच्या राहिल्यात. फिटरला थांबायला सांगा."