घड्याळातलं विमान

घड्याळाच्या कोपऱ्यात ते चिमुकलं विमान अजून होतंच — नखाएवढं, वर आडवी रेघ — आणि बुरुलने ओल्या अंगठ्याने काच पुसली तरी ते जाईना, जाणार नव्हतंच, उद्या सकाळपर्यंत ते तिथंच राहणार, कारण आज ती वर्गाला घेऊन दोनदा सरोवरात उतरली होती, आणि खोल पाण्यात अंगात मुरलेला वायू निघून जाईपर्यंत उंचावर जाऊ नका, एवढंच त्या घड्याळाला सांगायचं असतं. सांगतं, आणि गप्प बसतं. मी तरी काय वेगळं केलं?

"एजे, हे विमान कशाला?" बेगायिम विचारत होती, ताई म्हणावं तसं एजे म्हणत. राजधानीतल्या बँकेतली मुलगी, चौघा शिकाऊंतली सगळ्यात बोलकी. थंडीने ओठ निळे पडले होते तरी बडबड चालूच. "आम्ही तर संध्याकाळी गाडीनं वर कुरणावर चाललोय, घोडीच्या दुधाची आंबट कुमिस प्यायला."

"डोंगर चढणारी गाडीही विमानच समज. आज जायचं नाही."

किती स्वच्छ आलं वाक्य. दोन वर्षांत प्रत्येक वर्गाला ती हे सांगत आली होती, फळ्यावर डोंगराचं चित्र काढून, आकडे लिहून. फक्त एकदा — जेव्हा खरंच लागणार होतं तेव्हा — ते असं आलं नव्हतं. तिने सिलिंडर पाठीवरून उतरवला आणि शार्शेन आकेंच्या घराकडे बघायचं टाळलं. पण जेवायला तर तिथंच जायचं होतं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळा वर्ग त्यांच्याकडेच जेवतो, हा त्यांचाच हट्ट.

शार्शेन आके. अख्खा किनारा त्यांना आके म्हणायचा, थोरला म्हणून. मच्छीमारांची अडकलेली जाळी सोडवता सोडवता पाणबुडे झालेले. पस्तीस वर्षांत एक पुस्तक उघडलं नाही, एक परीक्षा दिली नाही. सोळाव्या वर्षी बुरुलला त्यांनीच पाण्यात नेलं. खाली गारठ्याचा थर सुरू झाला की तो आधी ओठांना कळतो, हे त्यांनी शिकवलं. पृष्ठभागावर येणारे बुडबुडे बघून, खाली गेलेला माणूस घाबरलाय की नुसता दमलाय, हे ते नावेत बसून सांगायचे आणि कधी चुकायचे नाहीत. मग ती तुर्कस्तानात जाऊन रीतसर शिकून आली, प्रमाणपत्र घेऊन, मनगटावर हे घड्याळ घेऊन... आणि ती आली त्या दिवसापासून आके तिला कागदी पाणबुडी म्हणू लागले. प्रेमानेच म्हणायचे. पण चारचौघांत म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका नावेचं इंजिन बुडालं होतं, चाळीस मीटरवर. दोन दिवसांत आके पाच वेळा खाली गेले, ती दोनदा. दुसऱ्या सकाळी ती सिलिंडरचा दाब पुन्हा तपासत होती तेव्हा आके नावेतल्या सगळ्यांना म्हणाले होते, आमची बुरुल पाण्यात उतरायच्या आधी पाण्याची परवानगी मागते. सगळे हसले. तीही हसली. पण ते शब्द आत कुठेतरी रुतले, आणि दुपारी इंजिन वर आलं तरी निघाले नाहीत.

आणि त्याच दुपारी वर कुरणावर आकेंच्या नातवाचा समारंभ होता. चालायला लागलेल्या पोराच्या पायांत काळापांढरा दोर बांधायचा, मुलांनी धावत यायचं, पहिल्या येणाऱ्याने तो कापायचा. साठ माणसं खोळंबलेली, आजोबांशिवाय दोर बांधणार कोण? जीप सुरू होती. बुरुल म्हणाली, आके, आज वर नका जाऊ, उद्या जा. आणि मनगट पुढे केलं. त्यांनी वाकून बघितलं. "विमान? अगं पोरी, आपण भाच्याच्या जीपनं चाललोय." जीपमधले सगळे खो खो हसले.

तेव्हा तिने पुन्हा बोलायला हवं होतं. जीपसमोर उभं राहायला हवं होतं, हसणाऱ्यांच्या देखत, साठ माणसं खोळंबलेली असताना... पण ती मागच्या सीटवर चढून बसली. थोरांना उलट बोलू नये म्हणून — असं सगळ्यांना वाटतं. खोटं आहे ते! मला राग आला होता. गाडी चढाला लागली तेव्हा मनात आलं होतं, जरा कळू दे यांना. एक रात्र सांधे ठणकू देत, एकच रात्र, मग बघू कागदी कोण ते. एवढंच हवं होतं मला. देवाशपथ, एवढंच.

वर थोरल्या पुरुषाचा मान म्हणून मेंढीचं उकडलेलं डोकं आकेंसमोर आलं. त्यांनी सुरीने कान कापला आणि रीतीप्रमाणे लहानाला द्यायचा म्हणून बुरुलच्या तळहातावर ठेवला. ऐकत जा थोरांचं, म्हणाले, आणि डोळा मारला. तिने तो चावून गिळला. मग दोर कापला गेला, नातू चार पावलं टाकून अडखळला, त्याला धरायला आके उठू लागले... आणि उठता येईना. लोक हसले, कुमिस चढली म्हणाले. एकटी बुरुल हसली नाही. शहरातल्या इस्पितळात, मुरलेला वायू काढणाऱ्या दाबाच्या खोलीपर्यंत पोचायला अकरा तास लागले, आणि त्या अकरा तासांत ते एकदाही तिच्यावर रागावले नाहीत.

आता ते दाराशी चाकाच्या खुर्चीत बसून वर्गाची वाट बघत होते. पाय शालीत गुंडाळलेले. त्यांची बायको कुलिपा एजे रस्सा वाढत होती, आणि आकेंनी ठरलेलं बोलणं सुरू केलं — हिनं मला सांगितलं होतं बरं का, मीच ऐकलं नाही, पस्तीस वर्षांची घमेंड नडली, तुम्ही शिकलेल्यांचं ऐका. शिकाऊ बुरुलकडे आदराने बघू लागले. दर वर्गाला हेच. सगळ्या किनाऱ्यावर पुस्तक जिंकलं होतं, बुरुल जिंकली होती, आणि दर वेळी तिला वाटायचं, उठावं आणि सांगून टाकावं. पण ती मान खाली घालून रस्सा पीत राहायची.

डोकं आलं. आकेंनी थाळी आपल्यासमोर ठेवू दिली नाही. हाताने पुढे सरकवत बुरुलसमोर नेली. बाईमाणसासमोर डोकं? कुलिपा एजेची पळी हवेतच थांबली. पण आके खुर्चीतून वाकले, सुरीची मूठ तिच्याकडे केली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले,

"त्या दिवशी तू एकदाच म्हणालीस."

"हो, आके."

"मला वाटलं होतं, पुन्हा म्हणशील. म्हणाली असतीस तर थांबलो असतो कदाचित. एकदा तर ते घड्याळही सांगत होतं."

मीठ मागावं तितक्या साध्या आवाजात. राग नाही, काही नाही. बुरुलला सुरी हातात जड वाटली. म्हणजे यांना ठाऊक होतं... पहिल्यापासून. नावेत बसून बुडबुडे वाचणाऱ्या माणसाने मागच्या सीटवरचं तिचं गप्प बसणं वाचलं नसेल होय! मग ही दोन वर्षांची स्तुती? ती दया होती, की शिक्षा, की ते नुसती वाट बघत होते, ती आपणहून सांगेल म्हणून? विचारायची सोय नव्हती. आणि कळून तरी पाय थोडेच परत येणार होते.

तिने कान कापला. सगळ्यात लहान बेगायिम. तिने हसत तळहात पुढे केला आणि म्हणाली, एजे, कान खाते, सगळं ऐकते, पण संध्याकाळी अर्धाच तास वर जाऊन आलो तर?

"नाही जायचं," बुरुल म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, जायचं नाही. बेगायिमने मान डोलावली, बरं म्हणाली, नाही जात. तरी बुरुल म्हणतच राहिली, आज नाही, उद्या जा, आज नाही... पोरीचं हसू मावळलं, बाकीचे खाली बघू लागले, कान बुरुलच्याच बोटांत राहिला. मुलीने केव्हाच ऐकलं होतं. आपण कोणाला सांगतोय हे बुरुलला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. आके खुर्ची ढकलत दाराशी गेले होते आणि पाठ करून सरोवराकडे बघत होते.