रोज एकच प्रकरण

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझी शिवण उसवली आहे, कोपरे झुरळांनी खाल्ले आहेत, आणि मनात मी डूख धरून आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. माझ्याकडून ती पुरी व्हायची नाही.

१९१२ साली माझा जन्म झाला. भडगावच्या शालिग्राम नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने मला महिनाभरात लिहून काढलं आणि पुण्यात तीनशे प्रती छापून घेतल्या. माझी गोष्ट जरा विचित्र आहे. नायिका पहिल्याच पानावर मरते. पण ते घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. मग ती उठते, चूल पेटवते आणि पुढची दोनशे पानं मेलेलीच घरकाम करत राहते.

विद्वान पोट धरधरून हसले. एका मासिकाने तर 'लेखकाला अजीर्ण झालं असावं' असं छापलं. शालिग्राम भेदरला. पुढे त्याने शहाण्यासारख्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत देखण्या नायिका आणि शेवटी लग्नं असत. त्या हातोहात खपल्या, तो शालिग्रामराव झाला आणि माझ्या जिवावर उठला. मिळेल तिथून माझ्या प्रती गोळा करायच्या आणि न्हाणीघरातल्या बंबात घालायच्या. माझ्या भावंडांवर तापलेल्या पाण्याने हा माणूस आंघोळ करत असे! मी त्याला क्षमा का करावी, तुम्हीच सांगा.

मी बचावले ती भडगावच्या वाचनालयात कपाटामागे पडून राहिल्यामुळे. तिथून मला सुंदरबाईंनी काढलं, झटकलं आणि घरी नेलं. त्या मुलींच्या शाळेत शिकवत. दुपारी तीनला शेजारच्या बायका त्यांच्या ओसरीवर शेंगा फोडायला जमत. वाचता एकट्या सुंदरबाईंनाच येई. त्यांनी मला पोथीसारखं लावलं. नियमही पोथीचाच: रोज एकच प्रकरण, मधलं गाळायचं नाही, पुढचं आधी सांगायचं नाही. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

विद्वान हसले होते तिथे एकही बाई हसली नाही. पहिलं पान ऐकून म्हाताऱ्या भिकुबाई म्हणाल्या, "यामा नवल काय शे? मी ते दुसरा बाळंतपनमाच मरी जायेल शे. कोन्ले समजनं नही."

१९३८ साली गावाने शालिग्रामरावांचा सत्कार ठरवला. वाचनालयाचे चिटणीस रतिलाल यांनी हौसेने त्यांना सांगितलं, "आपली पहिली कादंबरीही आमच्याकडे आहे. सध्या सुंदरबाई वाचताहेत." झालं! शालिग्रामराव गळ्यात हार तसाच ठेवून ओसरीवर हजर झाले. मागोमाग रतिलाल धापा टाकत आले.

"बाई, ते पुस्तक मला द्या. बदल्यात सात चांगली पुस्तकं देतो. हे बंबात घालायच्या लायकीचं आहे."

माझं पानन् पान गार पडलं. सुंदरबाई शांतपणे म्हणाल्या, "प्रकरण चालू आहे. संपेपर्यंत बसा."

ते बसले. त्या दिवशीच्या प्रकरणात नवरा मेलेल्या बायकोला भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बोलतो आणि ती निमूट उठून मीठ आणते. शेंगा फोडणारे हात थांबले. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. सत्काराच्या मंडपात शालिग्रामरावांना टाळ्या मिळाल्या होत्या, पण त्यांच्या वाक्याला असं कोणी रडलं नव्हतं. ते म्हणाले, "ही मी लिहिली आहे."

सुंदरबाईंना ते ठाऊक होतं, माझ्यावर नावच छापलेलं होतं. पण त्या गप्प राहिल्या. रतिलाल तोंड उघडणार तोच त्यांनी डोळे वटारून त्यांनाही गप्प केलं.

"तू लिखेल शे?" भिकुबाईंनी विचारलं. "मंग जाळाले काबरं उना? सांग बरं, शेवटले तिनं काय व्हस?"

शालिग्रामराव आठवू लागले. सव्वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही उघडलं नव्हतं. "ती... नदीवर जाते?"

ओसरी खो खो हसली. या वेळी हसू माझं नाही, लेखकाचं झालं! खाली मान घालून त्यांनी विचारलं, "बाई, शेवट काय आहे?"

"रोज या तीनला. अजून नऊ प्रकरणं आहेत. आमचं रोज एकच असतं."

त्यांची मोटार पाचला निघायची होती. ते रिकाम्या हातांनी गेले. मी छापून निघाले तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

पुढे त्यांची पत्रं आली. शेवटचं प्रकरण तेवढं उतरवून पाठवा, अशी विनवणी असे. सुंदरबाई दर वेळी कार्ड टाकत: 'दुपारी तीनला येऊन बसावे.' शेंगा फोडणाऱ्या बायकांत येऊन बसणं त्यांच्याच्याने झालं नाही. १९४४ साली ते गेले. मला वाईट वाटलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एक परकी बाई हातात सुंदरबाईंचं जुनं कार्ड घेऊन ओसरीच्या कडेला येऊन बसली. त्या दिवशी नेमकं शेवटचं प्रकरण होतं. ते काय आहे हे मी तुम्हालाही सांगणार नाही, नियम म्हणजे नियम. वाचन संपल्यावर ती पुढे सरकली.

"मी ताईबाई. शालिग्रामसनी घरवाली. असा पुस्तकं मीच बंबमा घालू. माले वाचता येस नही. हाई त्यासनीच लिखेल शे का?"

सुंदरबाईंनी या वेळी होकाराची मान हलवली.

"म्हंजे त्यासले बठ्ठं मालूम व्हतं," ताईबाई म्हणाल्या. नवऱ्याला सगळं ठाऊक असताना बत्तीस वर्षं त्या घरात त्यांनी पाणी तापवलं होतं.

भिकुबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आमले वाटनं, तो खोटं बोलना. तो खरंच बोलना. हाई ते आखीन वाईट."

मित्रांनो, पुस्तकाची पानं दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढंच सांगते, पुस्तक जाळायचंच ठरलं, तर ते बंबात घालायला ज्या बाईच्या हाती द्याल, तिला आधी वाचून दाखवा.