पेट्रोलचा आवाज

अशोक विजयादशमीच्या सकाळी प्रसेनजीतनं नवी डिझेल स्विफ्ट फुलेवाडीतल्या घरासमोर आणून लावली. त्याचे वडील धोंडीराम कांबळे गाडीभोवती एक चक्कर मारून एवढंच म्हणाले, "रंग बरा हाय." इंजिनाबद्दल अवाक्षर नाही. प्रसेनजीत हसला. आण्णांचं डिझेलशी वाकडं होतं, हे गल्लीला ठाऊक होतं.

धोंडीराम पाटबंधारे खात्यात आरेखक होते. मुरगूडहून कोल्हापुरात आले, निम्मी नोकरी सायकलवर काढली आणि शहाण्णव साली पांढरी झेन घेतली. भावकीतली ती पहिली मोटार. ऑफिसात कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारा हा माणूस स्टिअरिंग हातात आलं की निराळाच व्हायचा. रविवारी वाघबिळापासून पन्हाळ्याचा घाट असा चढायचा, की मागं बसलेला शाळकरी प्रसेनजीत या दारावरून त्या दारावर आपटायचा. इंजिनाचा सूर चढत चढत ताणला गेला, की धोंडीराम क्लच दाबत.

"गिअर कानानं टाकायचा असतोय," ते म्हणायचे. "डिझेलला काय, नुसती खडखड नि धूर. पाण्याचा पंप हाय त्यो."

प्रसेनजीत शिरोलीच्या फौंड्रीत इंजिनिअर झाला आणि वादाला रंग चढला. झेननंतर बाजारात पालिओ आली, मग पेट्रोल स्विफ्ट. मित्रांच्या असल्या छोट्या, पळणाऱ्या गाड्या त्यानं घाटात घालून बघितल्या होत्या.

"झेन हलकी हाय, वळती झ्याक, मान्य," तो म्हणायचा. "पण तिला पिळल्याशिवाय पळत न्हाय. डिझेल न पिळता ओढतंय. टर्बो जागा झाला की मागनं कुणी ढकलल्यागत."

"नि त्यो जागा होईस्तवर वळण सरतंय की!"

पण एक गोष्ट धोंडीरामांनी कुणाला सांगितली नव्हती. हल्ली झेन गप्प गप्प होत चालली होती. आधी त्यांना वाटलं, केरबा मिस्त्रीनं काम झकास केलंय. मग कुकरची शिट्टी गेली, दारावरची बेल गेली. एकदा सिग्नलला इंजिन चालू असताना त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर करकरला असणार, कारण शेजारचा रिक्षावाला वळून बघत राहिला. तेव्हा त्यांना कळायचं ते कळलं. त्या दिवशी गाडी दारात लावून ते बराच वेळ आतच बसून राहिले. घरात सांगितलं तर किल्ली जाणार, हे उघड होतं.

नवी गाडी आल्यानंतरच्या रविवारी प्रसेनजीत समोर येऊन म्हणाला, "चला आण्णा, होऊ दे एकदाचा निकाल. तुमी झेन घ्या, मी ही घेतो." धोंडीरामांना ते ओठांवरून समजलं. नाही म्हणवेना. सोनूबाई नवऱ्याशेजारी झेनमध्ये बसल्या.

घाट लागला. धोंडीराम अंदाजानं गिअर टाकत होते. आरशात स्विफ्टचे दिवे लुकलुकू लागले. पोरगं गाठायला आलंय असं वाटून त्यांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. झेन दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत होती आणि प्रसेनजीत त्यांना थांबवायला बघत होता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. सोनूबाई खांदा हलवत होत्या. वळणावर वरून जीप आली. धोंडीरामांना दिसलं ते सोनूबाईंचं वासलेलं तोंड. त्यांनी स्टिअरिंग डावीकडं ओढलं आणि झेनचं पुढचं चाक डोंगराकडच्या गटारात जाऊन बसलं.

कुणाला खरचटलंही नाही. पुढं रस्त्यावर काय बोलणं झालं, ते धोंडीरामांना नंतर सांगण्यात आलं. जीपवाला ओरडत आला होता, "पावणं, कवापास्नं हॉर्न मारतोय! भैरं हायसा काय?" धोंडीरामांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, सवयीनं मान डोलावली, हसलेसुद्धा. धावत आलेला प्रसेनजीत ते हसू बघून जागीच थांबला.

"व्हय," सोनूबाई म्हणाल्या. "त्यास्नी ऐकू येत न्हाय. लई दिस झालं. मला वाटलं, आपनहून सांगतील."

जीपवाला वरमला. गाडी वर काढायला त्यानंच हात लावला. पण चाक वाकलं होतं, म्हणून केरबा येऊन नेईल या भरवशावर झेन तिथंच ठेवून तिघं स्विफ्टमध्ये बसले.

गाडी घाट उतरू लागली. धोंडीरामांना तळपायाखाली थरथर जाणवली. ज्या खडखडीला ते हसत आले होते, ती चपलेतून घोट्यात, गुडघ्यात चढत होती. उतार संपून गाडी वेग घेऊ लागली तसे ते एकदम म्हणाले, "आता तिसरा." प्रसेनजीतचा हात त्याच क्षणी गिअरवर गेला होता.

वाघबिळाच्या खाली मोकळं माळरान होतं. प्रसेनजीतनं गाडी तिथं घातली, उतरला आणि आण्णांना पलीकडं बसायची खूण केली. धोंडीरामांनी माळावर चकरा मारल्या. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर जिथल्या तिथं पडले. किती दिवसांनी इंजिन त्यांच्याशी बोलत होतं. डोळे भरून आले.

"आण्णा, ही चालवा की तुमी!" प्रसेनजीत शेजारून हातवारे करत होता.

तेवढ्यात एक मोटारसायकल आरशाला चाटून पुढं गेली. चालवणारा मागं वळून काहीतरी बोलला. ती आली कधी, हे धोंडीरामांना कळलंच नव्हतं. त्यांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं.

"इंजिन कळतंय," ते म्हणाले. "मागनं येणारं न्हाय कळत."

किल्ली काढून त्यांनी लेकाच्या हातात ठेवली. "झेनची घरी गेल्यावर देतो." मागं सोनूबाई पदरानं तोंड पुसत होत्या.

पुढं कानाला मशीन आलं. त्यातून भांडी वाजायची, माणसं वाजायची, आणि दुरुस्त होऊन आलेली झेन पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची. मुरगूडला शाळेत शिकवणारी पुतणी अक्षता ती कायमची न्यायला आली. निघताना तिनं विचारलं, "काका, गिअर कवा बदलायचा हिचा?"

"काच खाली घे नि ऐक," ते म्हणाले. "आवाज तानला की टाक."

झेन वळणाआड जाईपर्यंत ते कोपऱ्यावर उभे होते.

संध्याकाळी प्रसेनजीत त्यांना रंकाळ्याकडं फिरायला घेऊन निघाला. धोंडीरामांनी गाडीत बसताच चपला काढल्या आणि पाय खाली टेकले.

"उशीर केलास," थोड्या वेळानं ते म्हणाले. "आधीच टाकायचा तिसरा."

या वेळी प्रसेनजीतनं वाद घातला नाही.