सातवा आठवडा

माझा काउंटर दोन नंबरचा, बर्निसचा तीन नंबरचा, आणि मधून सामान नेणारा एकच पट्टा. हॅल्सबीच्या विमानतळावर आम्ही एकोणीस वर्षं शेजारी शेजारी बसतोय, आणि एकोणीस वर्षं मी एकच गोष्ट बघतेय. माझ्यापुढे चिटपाखरू नसलं तरी लोक तिच्या रांगेत उभे राहतात. मग ती हात करून सांगते, "ग्लेंडाकडे जा ना, तिचे हात माझ्यापेक्षा भरभर चालतात." आणि ते लोक माझ्याकडे असे येतात, जसं मुख्याध्यापिकेनं बोलावून घेतलंय.

कारण उघड आहे. बॅग दोन किलो जास्त भरली तर बर्निस काट्याकडे बघतच नाही. मी बघते. काटा बघण्यासाठीच असतो. माझ्या काउंटरसमोर माणसं गुडघ्यांवर बसून बॅगा उघडतात, बूट काढून कोटाच्या खिशात कोंबतात, आणि तेव्हा तीन नंबरवर बर्निस कुणाच्या तरी रडक्या पोराच्या शर्टावर विमानाचं स्टिकर चिकटवत असते. गेल्या नाताळला तिला प्रवाशांची एक्केचाळीस भेटकार्डं आली. मी मोजली. मला दोन आली, त्यातलं एक बॅगांच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या कंपनीचं होतं.

तर अशात टीव्हीवाले आले. त्यांना विनोदी मालिका काढायची होती, खोट्या माहितीपटाची. म्हणजे सगळे नटच, पण सोंग असं की विमानतळाच्या खऱ्या कर्मचाऱ्यांमागे कॅमेरा फिरतोय, आणि मधूनच एकेकानं एकट्यानं कॅमेऱ्यापुढे बसून मनातलं बोलायचं. अकरा ते चार आमच्याकडे एकही विमान नसतं, म्हणून त्यांनी आमची जागा पसंत केली. त्यांची लेखिका फिलिपा म्हणाली की पात्रं आमच्यातूनच घडवायची आहेत, तेव्हा ती आधी प्रत्येकाशी बोलणार. मी दुसऱ्या दिवशी केस सेट करून कामावर गेले. या खेपेला तरी मी दिसले पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मालिकेची मुख्य नटी पहिल्याच सकाळी बर्निसला चिकटली. चिठ्ठी लावण्याआधी बर्निस अंगठा जिभेला लावते. ही घाणेरडी सवय मी इतकी वर्षं सहन केली, आणि त्या नटीनं ती कौतुकानं वहीत उतरवून घेतली. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी मीही अंगठा चाटला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. दिवसभर तोंडात डिंकाची चव राहिली ती वेगळीच.

माझ्याकडे कुणी आलं नाही. समोरच्या कॉफीच्या दुकानात एक किडकिडीत बाई मात्र तीन दिवस एकाच कपावर बसून होती. माझ्या डोक्यावरच्या वेळापत्रकाकडे तिची नजर लागलेली, म्हणून मला वाटलं हिचं विमान चुकलंय. तिकीट नसेल तर इथे बसता येत नाही, असं मी तिला दोनदा खडसावलं. तिनं माफी मागितली आणि तिथेच बसली.

शेवटी फिलिपानं मला बोलावलं. आमच्याकडे प्रार्थनेची एक खोली आहे, तिथे कुणी फिरकत नाही, तीच तिला दिली होती. टेबलावर बिस्किटं आणि लाल दिवा लागलेला छोटा रेकॉर्डर. ती म्हणाली, स्वतःबद्दल सांगा. मी म्हणाले, मी कुणाबद्दल बोलणारी बाई नव्हे. आणि मग एक तास चाळीस मिनिटं बर्निसबद्दल बोलले. काटा, स्टिकर, कार्डं, अंगठा, सगळं.

आणि निघता निघता, कसं कोण जाणे, ते आठ वर्षांपूर्वीचंही बोलून गेले. माझा नवरा रेमंड तेव्हा मला सोडून गेला. गेला तोही कुणाबरोबर, तर भाड्यानं गाड्या देणाऱ्या काउंटरवरच्या बाईबरोबर, माझ्या खुर्चीपासून तीस पावलांवर बसायची ती. सगळ्या विमानतळाला माझ्याआधी कळलं होतं. माझी तिकडे पाऊल टाकायची हिंमत होईना. सहा आठवडे बर्निसनं आपलं काम सांभाळून, मी एकटी करायचे ती पहाटेची पाळीही केली. मॅनेजर नायजेलला सांगितलं की ग्लेंडाला नागीण उठलीय. मी परत आले तेव्हा माझी खुर्ची मी ठेवली होती तेवढ्याच उंचीवर होती आणि काउंटरवर चहा होता. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

"तिनं तेव्हा माझी मजा बघायला हवी होती," मी फिलिपाला म्हणाले. "म्हणजे मला तिचा सुखानं राग करता आला असता. आता करते तर मलाच माझी लाज वाटते. हे लिहू नका हं."

तिनं पेन खाली ठेवलं. रेकॉर्डरचा लाल दिवा तसाच होता.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही सगळे बर्निसकडे जमलो, कारण तिचा नवरा क्लाइव्ह गेल्या वर्षी बस डेपोतून रिटायर झाला आणि त्यानं भिंतीएवढा टीव्ही घेतला. मी लेमन केक करून नेला. बर्निसनंही लेमन केकच केला होता. तिचा अर्धा संपला तेव्हा माझ्या केकला सुरीही लागली नव्हती.

पडद्यावरच्या बर्निसनं अंगठा चाटला आणि खोलीत हशा उसळला. मी ओठ आवळून बसले. तेवढ्यात पडद्यावर ती कॉफीच्या दुकानातली किडकिडीत बाई आली. साखळीला अडकवलेला चष्मा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, हातात सुरकुती न पडलेला रुमाल. कॅमेऱ्यापुढे एकटीच बसली आणि म्हणाली, "मी कुणाबद्दल बोलणारी बाई नव्हे."

मग एक्केचाळीस कार्डं आली. नायजेल मांडी थोपटून हसला, मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तो टीव्हीकडे नको तितकं लक्ष देऊन बघू लागला. एकेक करून सगळे माझ्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. मला दिसायचं होतं ना, दिसले.

भाग संपता संपता ती बाई पुन्हा आली. या वेळी तिनं नवरा सांगितला, सहा आठवडे सांगितले, चहा सांगितला. "तिनं तेव्हा माझी मजा बघायला हवी होती," ती म्हणाली, आणि माझं उरलेलं वाक्य शब्दन् शब्द बोलली. नुसती समोर बघत राहिली. खोलीत कुणी हसलं नाही. बर्निस किटली घेऊन दारात उभी होती. उठून जावं तर कोट तिच्या मागच्या खुंटीवर होता.

"सहा आठवडे?" बर्निस म्हणाली. "अगं बाई, ते काय तुझ्यासाठी केलं होतं होय? हा क्लाइव्ह नुकताच रिटायर होऊन घरात ठाण मांडून बसला होता. दिवसभर याचं थोबाड बघण्यापेक्षा पहाटे चारचा विमानतळ परवडला."

घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. अख्ख्या मालिकेला आला नाही एवढा हशा. क्लाइव्हनं मान डोलावली आणि म्हणाला, "आणि ही गेली की मी आतून कडी लावायचो."

क्लाइव्ह रिटायर झाला तो गेल्या वर्षी. आठ वर्षांपूर्वी तो पहाटेची पहिली बस चालवत होता, आणि ते सहा आठवडे सोडले तर मी रोज त्याच बसनं कामावर यायचे. त्याच्या निरोपाच्या कार्डावर आम्ही सगळ्यांनीच सह्या केल्या होत्या. कुणी हिशेब केला नाही, किंवा केला असेल तर तोंड मिटून बसले. तिनं माझ्यासाठी काढलेले ते सहा आठवडे होतेच, आता हा सातवा. आणि मला पहिलं काय वाटलं असेल, तर हे, की इतकं चांगलं खोटं मला इतक्या पटकन कधी सुचलं नसतं.

बर्निस माझ्याजवळ आली आणि कपात चहा ओतू लागली, मला लागतो तसा, आधी दूध घालून. आभार मानायला मी तोंड उघडलं.

"तुझा केक जरा कोरडा झालाय," मी म्हणाले.

"झालाय खरा," ती म्हणाली, आणि सुरी घेऊन माझा केक कापायला बसली.