कमळांची जागा

फोटोवालीला दलदलीचा नाद लागला तो ती बुजवायला घेतल्यावर. एरवी तिचा दिवस ओळखपत्रांच्या फोटोंत जायचा. "हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका." पण वस्तीबाहेरच्या त्या पाण्यात पहिला राडारोडा पडला आणि तिला वाटलं, उरलंय तोवर टिपून ठेवावं. दर रविवारी गमबूट चढवून ती चिखलात उतरायची आणि काढलेले फोटो दुकानाच्या काचेत लावायची.

वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा दीर भराव टाकणाऱ्या ठेकेदाराकडे डंपर चालवायचा. त्याला फोटोंचा कधी पुळका नव्हता. एका संध्याकाळी मात्र तो काचेसमोर थबकला.

"वहिनी, ही लव्हाळ्याची जागा नेमकी कुठली हो?"

"जुन्या पंपाच्या मागची," तिने सरळ सांगून टाकलं.

महिना उलटायच्या आत पंपामागे फुटक्या फरशा, विटांचे तुकडे आणि वर पिवळी माती. लव्हाळ्याचं पातंही दिसेना. पाठोपाठ दिराला बढती मिळाली. डंपर सुटला, तो मुकादम झाला.

तिच्या मनात पाल चुकचुकली. "इथे कुठेतरी पाणी मुरतंय," ती नवऱ्याला म्हणाली.

"दलदलच ती, मुरणारच," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

मग तिनेच पाळत ठेवली. जिन्यात दिराचा फोन चालू असला की ती दिसताच त्याचा आवाज खाली यायचा. आणि वर हे गोड बोलणं, "या रविवारी कुठल्या बाजूला, वहिनी?" खाल्ल्या घरचे वासे मोजतोय मेला, ती मनात म्हणायची.

अशात तिला दक्षिणेच्या वळणावर ते डबकं सापडलं. पांढरी कमळं नुकती उमलत होती, पाण्यावर धुकं तरंगत होतं, आणि पानांच्या आडोशाला पाणकोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने श्वास रोखून फोटो काढला. इतका सुंदर फोटो तिच्या हातून कधी निघाला नव्हता.

"हे कुठे?" दिराने विचारलंच.

"उत्तरेच्या काठाला."

"नक्की?"

"मी कशाला खोटं बोलू?"

तो मान हलवून जिना चढला. चढता चढताच त्याने फोन काढला, आणि 'उत्तर' एवढा एक शब्द तिच्या कानावर पडला. बसा आता तिकडे चिखल तुडवत, म्हणून ती खुशीत दुकान आवरायला लागली.

पुढच्या रविवारी ती दक्षिणेच्या वळणावर पोहोचली तर डबकं नव्हतंच. ताज्या मातीचा ढीग, आणि त्याच्या कडेला चिरडलेलं एक कमळाचं पान. ती तशीच चिखलाच्या बुटांनी वरच्या मजल्यावर गेली.

"दक्षिणेला गाड्या कोणी रिकाम्या करवल्या, भाऊजी?"

"मीच. उत्तरेला तुमची कमळं ना? म्हणून तिकडच्या गाड्या इकडे वळवल्या."

ती दारातच उभी राहिली.

"लव्हाळं बुजलं तेव्हा मी नुसता ड्रायव्हर. सांगतील तिथे ओतायचं," तो म्हणाला. "आता आधी कुठे, शेवटी कुठे, एवढं माझ्या हातात आहे. बुजणार तर सगळंच. म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत तरी ती जागा राखू."

"मग बोलला का नाहीत?"

"ठेकेदाराला कळलं तर घरी बसवेल. आणि तुम्ही तर माझ्याकडे चोराकडे बघावं तशा बघत होता. सांगून पटलं असतं?"

"कमळं दक्षिणेला होती," ती कशीबशी म्हणाली. त्याने तिच्या बुटांवरच्या ताज्या मातीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं उत्तरेच्या काठावर गेली. तिच्या खोटेपणामुळे वाचलेली ती जागा: उघडा चिखल, मधे गढूळ पाणी. फोटो काढावा असं काहीच नव्हतं.

"आता खरं सांगा, वहिनी. अजून कुठे काय आहे?"

तिने वठलेल्या झाडापलीकडे बोट दाखवलं. "तिथे. बगळ्यांची घरटी आहेत."

ते खरं होतं. तो डोळ्यांवर हात धरून त्या दिशेला बघू लागला, आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.