तिसरं वळण

मुलांनो, जरा तळहात पुढे करा बरं, आणि त्यावर मातीचा एक गोळा आहे असं समजा... लिंबाएवढा, ओलसर, गार. आता अंगठ्याने हलकेच दाबा. सरळ दोन तुकडे झाले तर माती तयार. भुगा झाला तर पाणी कमी, बोटांना चिकटला तर जास्त. एवढंच ते शास्त्र, आणि या गोष्टीतल्या आजोबांना ते झोपेतही येत होतं. पण आत्ता, दुपारचे चार वाजायला आलेले असताना, नातीच्या तळहातावर तसलाच गोळा दिसला आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

"असाच करायचात ना?" नातीने विचारलं. "वेल्डरकाकांनी शिकवलं. म्हणाले, तुझे आजोबा शर्यतीच्या ट्रॅकचे पाणीवाले, माती भिजवायचं काम त्यांचं. त्यांनी हात वर केल्याशिवाय एकही मोटरसायकल सुटायची नाही."

"वेल्डरला हल्ली कामं नाहीत वाटतं," आजोबा म्हणाले.

गावातल्या नाहीशा झालेल्या एखाद्या जागेचा इतिहास लिहा, असं शाळेत सांगितलं होतं. बाकीच्या मुलांनी जुनं थिएटर घेतलं, कुणी विहीर. हिला मात्र नेमका ट्रॅकच सापडावा! वहीत सगळं होतं. वीटभट्टीची खचलेली जमीन सपाट करून मातीचा ट्रॅक केला, तो सोळा वर्षं चालला, लोक फळ्यांच्या बाकांवर दाटीवाटीने बसायचे. शेजारी पेन्सिलीने काढलेला नकाशा, आणि त्यात तीन वळणं.

"आपला रस्ता इथे उगाच वाकतो म्हणून सगळे हसतात ना? तो उगाच नाही वाकत! आपलं घर तिसऱ्या वळणावर आहे, आजोबा."

जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं... ट्रॅक मोडून प्लॉट पाडले तेव्हा बाकीचे विकले गेले होते, हाच उरला होता, आणि तेव्हापासून रोज रात्री ते त्याच मातीवर पाठ टेकत आले होते.

"आणि शेवट ऐका," ती वाचू लागली. "'शेवटच्या शर्यतीत भिंगरी नावाचा स्वार मस्ती करताना घसरला. त्याचा पाय कायमचा अधू झाला, म्हणून ट्रॅक बंद पडला.' म्हणजे आपले मामाआजोबाच ना? येतीलच आता. त्यांना वाचून दाखवणार आहे."

"सगळं?"

"मग काय अर्धं?"

स्वयंपाकघरात आजीच्या हातून भांडं पडलं. भिंगरी तिचा सख्खा भाऊ.

मस्ती... नाही, मस्ती नव्हती. आदल्या आठवड्यात धुळीने बोंबाबोंब झाली म्हणून त्या दिवशी तिसऱ्या वळणावर त्यांनी टँकरच्या एकीऐवजी दोन फेऱ्या मारल्या होत्या, आणि गोळा केला होता तो फक्त पहिल्या वळणावर. तीन वळणं, तीन गोळे— नियम त्यांनी स्वतःच घातलेला. पण लोक फळ्या बडवत होते, इंजिनं गुरगुरत होती, आणि भिंगरी सगळ्यांदेखत ओरडला, "भाऊजी, आज माती चाखूनही बघणार का?" लोक हसले, तेही हसले— आणि हसता हसता हात वर केला. तिसरं वळण वरून सुकलेलं, साळसूद दिसत होतं, आणि खाली नुसता साबण. पुढे दवाखान्यात भिंगरी म्हणाला, मीच जास्त झुकलो. आजोबा मनाशी म्हणत, मी काही खोटं बोललो नाही... मी नुसती मान हलवली... मला कुणी विचारलंच नाही! चाळीस वर्षं ती मान हललेलीच आहे. फाटकाबाहेर काठी वाजली की आजोबांना हटकून मागच्या अंगणातलं काम आठवायचं.

भिंगरीला हे कळल्यावर तो काय करील, ही एक भीती. पण तिच्याही तळाशी दुसरी होती, तिच्याकडे ते कधी सरळ बघत नसत— त्याला पहिल्यापासून ठाऊक असेल तर? ठाऊक असूनही दर रविवारी येत असेल तर?

टक्... टक्... काठी वाजली. ते सवयीने अर्धे उठले.

"आजोबा, सांगा ना, तयार आहे का?"

त्यांनी अंगठा टेकला. गोळ्याचे सरळ दोन तुकडे झाले.

"कुठली माती?"

"फाटकाजवळची."

"आणि मागच्या अंगणातली? कुंपणाजवळची?"

"एक गोळा पुरतो की!"

"नाही पुरत," आजोबा म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "मी... त्या दिवशी मी एकच केला होता. पहिल्या वळणावर. तिसऱ्यावर उतरलोच नाही."

नातीने त्यांच्याकडे पाहिलं, मग वहीतल्या शेवटच्या ओळीकडे. बाहेर कडी वाजली.

"भाऊजी! आहात, की पळालात नेहमीसारखे मागच्या दाराने?"

नेहमीसारखे... म्हणजे त्याच्या लक्षात येत होतं? पण मागचं दार कुठल्या बाजूला आहे, हे आज त्यांना आठवेचना. ते खाली बसले.

नातीने खोडरबर उचललं, पण ओळीला लावलं नाही. उघडी वही तिने त्यांच्या मांडीवर ठेवली, वर पेन्सिल ठेवली, आणि दार उघडायला गेली— एरवीसारखी धावत नाही, सावकाश.