माझी कशी आहे?

"काका, बसा की जरा! तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरायला लागलंय," सिस्टर म्हणाल्या.

बसतो कसला! खिशात शिलाई मशीनचा एक स्क्रू सापडला, तोच बोटांत फिरवत राहिलो. तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय मी. हात रिकामे राहिले की माझं डोकं चालायला लागतं, आणि आज ते नको होतं.

बाकावर ताई बसली होती, मांडीवर माझी फाइल घेऊन. अकरा वर्षांपूर्वी तिनं मला स्वतःची एक किडनी दिली. तेव्हापासून दर वर्षीच्या तपासणीला ती माझ्याबरोबर येतेच. शिवाय रोज सकाळी आठला, माझ्या गोळ्यांच्या वेळेला, तिचा फोन. इकडचं तिकडचं काही नाही, थेट, "माझी कशी आहे?"

"तुझी मजेत आहे," मी म्हणायचो. "तुझ्याकडे होती त्यापेक्षा सुखात आहे."

"मग झालं तर," की फोन बंद. मी कसा आहे हे बाईनं एकदा तरी विचारलं असेल तर शपथ! चेष्टेत सुरू झालेलं, ते अंगवळणीच पडलं.

तीन आठवड्यांपूर्वी मात्र डॉक्टरांनी मला मध्येच बोलावून घेतलं. क्रिएटिनीन लागोपाठ दुसऱ्यांदा वाढलं होतं. "किडनी थकत चाललीय. लगेच काही होणार नाही, वर्ष जाईल, दोन जातील. पण घरी बोलून ठेवा," ते म्हणाले. बायकोला सांगितलं, ती रडली. पण ताईला काय सांगू? तुझी वस्तू मला सांभाळता आली नाही म्हणू? एक गोळी चुकवली नाही हो अकरा वर्षांत, एक! तरी तिच्यासमोर चोरासारखं वाटत होतं.

सिस्टरांनी दर वर्षीचा तो कागद आणून दिला. पहिलाच प्रश्न : एकंदरीत आपली तब्येत कशी आहे? उत्तम, चांगली, बरी, वाईट. आजवर मी 'उत्तम'वरच खूण केलेली. एकदा तर अंगात ताप असताना केली. देणारी शेजारी बसलेली असताना माणूस दुसरं काय लिहिणार?

"चष्मा विसरलास ना? आण इकडे," म्हणत ताईनं कागद ओढून घेतला.

"उत्तम लिही," मी म्हणालो.

तिनं पेन उघडलं, जरा थांबली आणि 'बरी'वर खूण केली.

"अगं, हे काय?"

"खरं ते लिहिलं."

"तुला कुणी सांगितलं? हिनं फोन केला होता का?"

"बायकोवर कशाला जातोस? तूच सांगितलंस. इतकी वर्षं 'तुझी मजेत आहे' म्हणायचास. गेले तीन आठवडे रोज 'तुझी बरी आहे' म्हणतोयस. मी काय बहिरी आहे?"

मी पार गार पडलो. नुसत्या आवाजावरून मशीनमध्ये काय झिजलंय ते सांगणारा मी, आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं नव्हतं.

"ताई, चुकलो गं. तुझी..."

"गप्प बस. दिलेलं परत मागायला आलेय का मी?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच खडूस. "किती दिवस म्हणाले?"

"वर्ष, दोन वर्षं."

"बरं. मग पुढं काय करायचं ते आत जाऊन नीट विचार. आणि तो स्क्रू ठेव आधी खिशात, डोकं उठवलंस नुसतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. तळहातावर गोळ्या होत्या. 'बरी आहे' म्हणायचं, असं मी पक्कं ठरवून ठेवलं होतं.

"तू कसा आहेस रे?" ताईनं विचारलं.

तिनं फोन बंद केला नाही, वाट पाहत राहिली.

"संध्याकाळी पाय सुजतात गं," शेवटी मी म्हणालो. "आणि भीती वाटते."

"हं," ती म्हणाली. "गोळ्या घे आधी. मी आहे फोनवर."